ॲरिझोनाच्या पावसाळी रानमाठाबद्दल: एकाच जागेतले काही तुरे मऊ, काही टोचणारे. दोन जाती आहेत का? खावा का?

पानगळ (टूसॉन)

घरामागच्या कोरड्या ओढ्यात, ज्याला इथे वॉश म्हणतात, जुलैच्या पहिल्या पावसानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी माठासारखी रोपं दाट उगवली. आज तीन आठवडे झालेत. बहुतेक गुडघ्याएवढी आहेत, आणि नळाच्या गळतीजवळची चार कमरेच्या वर गेलीत. खोड गुळगुळीत, बुंध्याशी तांबूस. पान तांदुळजासारखं पण जास्त टोकदार, काही पानांवर मधोमध फिकट उलट्या व्ही आकाराचा डाग. पेरांशी काटे नाहीत, म्हणजे आपला काटेमाठ नव्हे.

गळतीजवळच्या चारही झाडांना तुरे आलेत. दोघांचे मऊ आहेत, टिचकी मारली की पिवळी भुकटी उडते. दोघांचे हाताला चक्क टोचतात. बाकी पान, खोड, उंची सगळं सारखं.

प्रश्न:
१. या दोन वेगळ्या जाती आहेत का?
२. पाला माठासारखा खाता येईल का? किती उकळायचा?
३. बी धरलं तर राजगिऱ्यासारख्या लाह्या होतील का?
४. पुढच्या वर्षी अख्खं अंगण याचंच होऊ नये म्हणून काय करायचं?

---

निवडुंग

जात एकच, झाडं दोन प्रकारची. वर्णनावरून हा पामर माठ दिसतो, शास्त्रीय नाव अमरँथस पामेरी. मूळचा तुमच्याच भागातला, म्हणजे सोनोराचं वाळवंट आणि त्याच्या आजूबाजूचा नैऋत्य अमेरिका व वायव्य मेक्सिकोचा पट्टा. तांदुळजा, राजगिरा, काटेमाठ यांच्यात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर असतात. पामरमध्ये झाडंच वेगळी. भुकटी उडते ते नर, टोचते ती मादी. मादीच्या प्रत्येक फुलाखाली छद म्हणजे बारीकसं पान असतं, ते ताठ आणि अणकुचीदार होतं, तेच बोटात घुसतं. फुलोरा येईपर्यंत नर-मादी नुसतं बघून ओळखता येत नाहीत, साधारण निम्मी-निम्मी निघतात.

खात्री करायला देठाची परीक्षा घ्या. खालचं, जुनं, पूर्ण वाढलेलं पान देठासकट तोडा. देठ पानाच्या बुडाशी दुमडून पानावर आडवा ठेवा. देठ पानाच्या टोकापर्यंत पोचला किंवा बाहेर गेला, तर पामर. शेंड्याची कोवळी पानं घेऊ नका, त्यांचे देठ आखूडच असतात आणि बरेच जण इथेच फसतात. पानावरच्या डागावर विसंबू नका. तो काही झाडांना असतो, काहींना नसतो.

भिंगातून खोडही बघा. पामरचं खोड साफ गुळगुळीत. वरच्या कोवळ्या खोडावर बारीक लव दिसली तर तो तांबड्या मुळाचा माठ, रेट्रोफ्लेक्सस. खायला तोही चालतो.

टूसॉनच्या वॉशमध्ये याच पावसात झालरी माठ, फिम्ब्रिएटस, पण उगवतो. तो बारकुडा, गुडघ्याच्या आसपास थांबणारा, पान अरुंद. त्याच्या फुलाच्या पाकळ्या पंख्यासारख्या पसरतात आणि कडेला कातरलेली झालर असते, रंग बहुधा गुलाबी. भिंगाखाली एकदा बघाच, एवढ्याशा तणाला एवढी कलाकुसर!

चुकून तोडू नये अशा गोष्टी: घेटुळी (तिथे तिच्या बऱ्याच जाती आहेत) आणि खापरा. दोन्हींची पानं समोरासमोर येतात, माठाची एकाआड एक. एवढी एक खूण पुरते. धोतऱ्याची पानं मात्र एकाआड एकच असतात आणि तो वॉशमध्ये हमखास असतो. पान मोठं, लवदार, चुरगळलं की उग्र घाण वास. माठाच्या पानाला वासच नसतो म्हणा ना. शंका आली की चुरगळून हुंगा.

---

तव्यावर

पाला खायचा, बिनधास्त. त्या भागातले तोहोनो ओओधम, पिमा, कोकोपा, मोहावे हे सगळे मूळ रहिवासी हा माठ खात आलेत. ओओधम भाषेत रानभाजीला ईवागी म्हणतात. सीमेपलीकडे सोनोरात हाच पाला केलिते म्हणून कांदा-लसूण-मिरचीवर परततात आणि बीन्सबरोबर खातात. म्हणजे आपल्या परतलेल्या माठापेक्षा वेगळं काही नाही.

काय तोडायचं: १५ ते २० सेंटिमीटर उंचीची अख्खी रोपं, किंवा मोठ्या झाडांचे वरचे ८-१० सेंटिमीटरचे शेंडे. कसोटी अशी की देठ वाकवल्यावर कट्‌ करून तुटला पाहिजे. लवला आणि दोरा निघाला तर तो टाका, फक्त पान घ्या. मादी तुरा दिसायला लागला की त्या झाडाचा पाला बंद. चव जाते आणि छदं घशात टोचतात.

उकळणं यात महत्त्वाचं. माठवर्गात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि कोरड्या ताणात वाढलेल्या झाडात नायट्रेटही साठतं. दोन्ही पाण्यात उतरतात. म्हणून अर्धा किलो निवडलेल्या पाल्याला तीन लिटर पाणी उकळा, त्यात पाला ३-४ मिनिटं टाका, चाळणीवर ओता, गार पाण्याखाली धरून पिळा. ते पाणी फेकायचं. वरणात घालायचं नाही, कणकेत घालायचं नाही. "सत्त्व जातं" हे बरोबर आहे, पण त्यात जायला हवं तेही जातं. वाफवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये शिजवून हे होत नाही, कारण पाणी बाहेर पडतच नाही. सोडा घालू नका, पाला बुळबुळीत होतो.

नायट्रेट सर्वांत जास्त खोडात आणि देठात असतं. म्हणून देठीची भाजी, जी आपण घरच्या माठाची आवडीने करतो, ती या रानमाठाची करू नका. दोन-तीन आठवडे पाऊस नसताना सुकून मलूल झालेली झाडं नव्या पावसाने तरारतात, तेव्हा तोडायचा मोह होतो. नेमकं त्या दिवसांत नायट्रेट चढलेलं असतं. ४-५ दिवस जाऊ द्या.

पिळलेला गोळा चिरा. दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण ७-८ पाकळ्या, सुकी मिरची, मग पाला, मीठ शेवटी. आधीच पिळलेला असल्याने पाणी सुटत नाही, चार मिनिटांत होते. मूठभर भिजवलेली मुगाची डाळ घातली तर आणखी चांगली. अर्धा किलो चौघांना तोंडी लावण्यापुरती होते, जास्त नाही. उरली तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, शिजलेला पाला ओट्यावर रात्रभर ठेवू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला याचं काहीही देऊ नका.

---

कपाशी (जॉर्जिया)

खाण्याआधी जागा बघा. आणि यात एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या.

आपला अंदाज असा असतो की झाड टवटवीत आहे म्हणजे त्यावर औषध मारलेलं नाही. पामरच्या बाबतीत हा अंदाज साफ चुकतो. ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारा पामर जॉर्जियात २००५ च्या सुमाराला सिद्ध झाला. ग्लायफोसेट ज्या विकराला (एन्झाइमला) जाऊन चिकटतं, त्याच्या जनुकाच्या प्रती या झाडांनी वाढवल्या: साध्या झाडाच्या तुलनेत ५ पट ते १६० पटींहून जास्त. विकरच इतकं तयार होतं की औषध पुरत नाही. असं झाड फवारणीनंतरही हिरवंगार उभं असतं, औषध अंगावर घेऊन. आणि परागकण वाऱ्याने जातात, शेकडो मीटर, त्यामुळे हा गुण एका शेतापुरता राहत नाही. आता इतर अनेक गटांच्या तणनाशकांनाही तो पुरून उरलाय.

म्हणून कापसाच्या शेताचा बांध, रस्त्याची कड, रेल्वेमार्ग, कालव्याची भिंत, शाळेचं मैदान: इथला पाला कितीही कोवळा दिसो, सोडून द्या. घरामागच्या वॉशमध्ये वरच्या बाजूने काय वाहून येतं तेही बघा. रस्त्याचं पाणी येत असेल तर तेल आणि जड धातू येतात, आणि माठवर्ग कॅडमियमसारखे धातू जमिनीतून सहज उचलतो. गळतीजवळची झाडं पाण्यावर फुगलेली आहेत, पण तिथे लॉनचं खत उतरत असेल तर नायट्रेटही सर्वांत जास्त तिथेच असणार.

राष्ट्रीय उद्यानातून काही तोडू नका. खाजगी किंवा आदिवासी राखीव जमिनीवर आधी परवानगी घ्या.

---

पानगळ

वा, टोचणाऱ्याचं कोडं सुटलं. देठाची परीक्षा आत्ताच केली: पाचपैकी पाच पानांचे देठ टोकाबाहेर गेले. वॉशमध्ये वरून फक्त डोंगराचं पाणी येतं, रस्ता खालच्या अंगाला आहे. गळतीच्या वर मात्र शेजारचं लॉन आहे, तेव्हा ती चार बाद.

घरात एकांना मुतखड्याचा त्रास आहे. त्यांनी खावा का? आणि बियांचं राहिलंच.

---

तव्यावर

खडा ऑक्झलेटचा असेल तर त्यांनी टाळलेला बरा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. बाकीच्यांसाठी: उकळून पाणी टाकल्यावरही थोडं ऑक्झलेट उरतं, म्हणून ताकातली पातळ भाजी करा. ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते रक्तात कमी जातं. आपल्याकडे आंबट-तुरट पाल्यांना ताक-बेसन लावायची पद्धत आहे, ती इथे चांगली कामी येते. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी कोणी घेत असेल तर पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवू नका, के जीवनसत्त्वामुळे गोळीचा मेळ बिघडतो.

---

निवडुंग

बियांबद्दल. अपेक्षा आधी खाली आणा.

उपासाचा राजगिरा हा मुळात मेक्सिकोकडचाच, पण माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून फिकट, पातळ सालीचा आणि तुऱ्यातच टिकणारा केलेला. रानमाठ यातलं काहीच नाही. दाणा जेमतेम मिलिमीटरभर, काळा किंवा गडद तपकिरी, चकचकीत, साल कडक. फळाला मधोमध चीर पडून डब्याच्या झाकणासारखं वरचं अर्धं निघतं आणि दाणा खाली. पिकला की थांबत नाही. लाखभर दाण्यांचं वजन तीसचाळीस ग्रॅम.

तरी करायचंच असेल तर:

दिवस आखडायला लागले की फुलोरा जोरात येतो, दाणा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळतो. तुरा अजून हिरवट असताना खालचा भाग तळहातावर चोळून बघा. काळे दाणे पडले की कापायची वेळ झाली. तुरा वाळून तपकिरी व्हायची वाट बघाल तर अर्धं बी जमिनीत गेलेलं असेल. सकाळी, हवेत थोडा दमटपणा असताना कापा. हातात चामड्याचे मोजे, साध्या कापडी मोज्यांतून छदं आरपार जातात. आधी तुऱ्याला खालून कागदी पिशवी चढवायची, मग देठ कापायचा. उलटं केलं की कापताना बसणाऱ्या हिसक्यानेच बी सांडतं.

पिशवीतच ४-५ दिवस सावलीत वाळवा. जुन्या चादरीवर घालून काठीने मळा, हाताने चोळू नका. मग आधी पुरणाच्या चाळणीसारख्या मोठ्या जाळीतून, नंतर चहाच्या गाळणीइतक्या बारीक जाळीवर. दाणा चहाच्या गाळणीवर राहतो, धूळ खाली जाते. मग सुपात पाखडायचं. पंख्यापुढे पाखडू नका, दाणा इतका हलका की फोलकटाबरोबर तोही उडतो. ही फोलकटं म्हणजेच ती टोचरी छदं, एकही राहता कामा नये, घशात अडकतात. पाखडताना तोंडाला फडकं बांधा.

सर्वांत त्रास देते ती वॉशची वाळू. दाण्याएवढीच बारीक, चाळणीत वेगळी होत नाही, पाखडून जात नाही. पाण्यात रोळून घ्यावी लागते, तांदळातले खडे काढायला रोळतात तसंच. पसरट भांड्यात पाणी घेऊन गोल हलवायचं, दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतायचे, वाळू तळाशी राहते. पाच-सहा वेळा करा. दाताखाली एक कण आला तरी सगळा लाडू वाया. मग कापडावर पसरून त्याच दिवशी कडक वाळवा, ओलं राहिलं तर वास येतो.

लाह्या फारशा होत नाहीत. साल जाड असल्याने बरेच दाणे फुटायच्या आधी करपतात. त्यापेक्षा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर एकेक चमचा ३-४ मिनिटं भाजा, खमंग वास आला आणि थोडे दाणे तडतडले की उतरवा, मिक्सरच्या लहान भांड्यात पूड करा. दळल्याशिवाय खाऊ नका. अख्खा दाणा जसा आत जातो तसाच बाहेर येतो.

लाडूला: दुकानच्या राजगिऱ्याच्या लाह्या ४ वाट्या, गूळ १ वाटी, ही पूड पाव वाटी. त्याहून जास्त घातली तर लाडू काळपट आणि किंचित कडसर होतो. उपासाला चालतो का, हे घरच्या मोठ्यांना विचारा, वनस्पतिशास्त्रात त्याचं उत्तर नाही.

---

कपाशी

बी धरायला माझा विरोध आहे, निदान घराजवळ. एका मोठ्या, पाणी मिळालेल्या मादी झाडावर काही लाख बिया धरतात. तुम्ही कितीही जपून कापलं तरी हजारो पडणारच. पिशवी, चादर, बुटाचा तळवा, कुत्र्याची केसाळ शेपटी, सगळीकडून जातात.

---

निवडुंग

तुमच्या जॉर्जियात मान्य, तिथे ते घुसखोर आहे. टूसॉनच्या वॉशमध्ये ते घरचंच आहे आणि बियांचा साठा जमिनीत आधीच भरलेला आहे. वर्षाला २७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला निम्म्याच्या आसपास जून ते सप्टेंबरच्या मान्सूनमध्ये. पाणी नाही तिथे ते वाढतच नाही. वॉशमधल्या मादीचं बी धरा, अंगणातल्या मादीचं नाही. एवढा फरक पुरे.

---

कपाशी

हे चालेल. पण मिळालेलं बी ॲरिझोनाबाहेर नेऊ नका, नातेवाइकांना पोस्टाने तर मुळीच नाही. मिनेसोटा, आयोवासारख्या राज्यांत हे कायद्याने बंदी असलेलं तण आहे.

---

रानमेवा (नागपूर)

चिमूटभर इकडे पाठवता येईल का? विदर्भाच्या उन्हात छान येईल असं वाटतं.

---

कपाशी

छान येईल, हीच तर भीती आहे. याची पानं सूर्याकडे तोंड फिरवत दिवसभर फिरतात, आणि ४० अंशांच्या वर, जिथे बाकीची पिकं मान टाकतात, तिथे याचं प्रकाशसंश्लेषण सर्वांत जोरात चालतं. ऐन भरात दिवसाला ५ ते ७ सेंटिमीटर वाढ. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात हे आणून सोडायचं म्हणजे विचारायलाच नको. शिवाय २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुठलंही बी भारतात आणता येत नाही. नागपुरात तांदुळजा आणि काटेमाठ फुकट उगवतोय, तो खा.

---

खुरपं

पानगळ, तुमचा चौथा प्रश्न सगळ्यांनी सोडलाय.

हे झाड ८-१० सेंटिमीटरच्या आत असेल तर खुरप्याने दोन मिनिटांचं काम. गुडघ्याएवढं झाल्यावर मूळ सोटासारखं खोल जातं, मग ओल्या जमिनीतच उपटा, कोरड्यात खोड तुटून बुंधा राहतो. आणि बुंध्यावरून कापणं म्हणजे मारणं नव्हे. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापलेलं झाडही बगलेतून फुटतं आणि ठेंगणं राहून तिथेच बी धरतं. भाजीला शेंडे खुडण्यासाठी हा गुण उत्तम, दर आठवड्याला नवे फुटवे येतात. तण काढायला मात्र वैरी.

उपटलेलं झाड ओल्या मातीवर आडवं टाकू नका, मुळं पुन्हा धरतात. माती झटकून तापलेल्या सिमेंटवर किंवा दगडावर टाका, टूसॉनच्या उन्हात एका दुपारीत खेळ संपतो. तुरे आलेली मादी मात्र उपटल्यावरही आतलं बी पिकवू शकते. ती जाड प्लास्टिक पिशवीत बंद करून कचऱ्यात. घरच्या खतखड्ड्यात नको, तिथली उष्णता बी मारायला पुरत नाही. नर झाडं खतात गेली तरी चालतील, पण परागामुळे शिंका येणाऱ्यांनी भुकटी उडायच्या आत काढावीत.

बी फार बारीक असल्याने वरच्या दोन-अडीच सेंटिमीटरमधलंच उगवतं. अंगणात ८-१० सेंटिमीटर लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा पसरला तर बहुतेक वर येतच नाही. पुरलेलं बी तीन-चार वर्षांत बहुतांश मरतं, म्हणून तेवढी वर्षं माती उकरून खालचं वर आणू नका. आणि आधी तो नळ दुरुस्त करा.

---

पानगळ

नळाचा वॉशर आज बदलला. गळतीजवळच्या दोन्ही माद्या पिशवीत गेल्या, कापायच्या आधी पिशवी चढवली तरी दहाबारा काळे दाणे फरशीवर दिसले, ते ओल्या फडक्याने टिपले.

वॉशच्या वरच्या टोकाला दगडांत अरुंद पानांची, वीतभर उंचीची चार रोपं सापडली. पाकळीला झालर आहे, रंग फिकट गुलाबी. झालरीच ना? याचा पाला त्याच पद्धतीने?

---

निवडुंग

झालरीच. हो, तसाच उकळून, पाणी टाकून. पण चार रोपांत वाटीभरही पाला निघायचा नाही, ती राहू द्या. खालच्या पामरचे शेंडे खुडा, तुरे यायच्या आत अजून दोन-तीन तोडे मिळतील.